एल्फिन्स्टन नक्की कुठला? काका की पुतण्या? आणि मग गादी गेली कुणाकडे?

परळचा पोपट (धागाकर्ता)

आमचे बाबा प्रभादेवी स्टेशनला अजून एल्फिन्स्टनच म्हणतात. २०१८ ला नाव बदललं, आता तर वरचा पूलपण पाडायला घेतला, तरी त्यांचं आपलं "एल्फिन्स्टनला उतर आणि चालत ये". परवा जेवताना मी सहज विचारलं की बाबा हा एल्फिन्स्टन होता कोण, तर म्हणाले कोण म्हणजे काय, कॉलेजवाला, पेशवाई बुडवली तो. मी म्हटलं स्टेशनवाला वेगळा आहे. झालं, मिसळीची पैज लागली, आणि मग मी रात्री दोन वाजेपर्यंत मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर वंशावळ काढत बसलो. बायकोने दोनदा येऊन बघितलं, तिला वाटलं जमिनीची केस परत उघडली की काय.

तर आधी पैजेचं. एल्फिन्स्टन दोन, आणि दोघंही मुंबईचे गव्हर्नर, म्हणून सगळा घोळ.

पहिला माउंटस्टुअर्ट. १८११ पासून पुण्याला रेसिडेंट, त्रिंबकजी डेंगळ्यांच्या मागे लागलेला तो हाच, ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या वेळचा हाच, आणि मग १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. जाताना मुंबईकरांनी वर्गणी काढली, त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. दुसरा जॉन, गव्हर्नर १८५३ ते १८६०. सत्तावन्नचं बंड याच्या कारकिर्दीत, आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ निघालं त्याचा पहिला चॅन्सेलर पण हाच. स्टेशन याच्या नावाचं, आणि आपलं हॉर्निमन सर्कल आधी एल्फिन्स्टन सर्कल होतं तेही याच्याच.

माउंटस्टुअर्ट हा जॉनचा सख्खा काका. पण गंमत म्हणजे काका कधीच 'लॉर्ड एल्फिन्स्टन' नव्हता, पुतण्या होता. आपण सरसकट दोघांनाही लॉर्ड लावतो, मीपण लावायचो.

घराणं स्कॉटलंडचं, स्टर्लिंगशायरमधलं. १५१० ला राजा चौथ्या जेम्सने अलेक्झांडर एल्फिन्स्टनला लॉर्ड केलं आणि तीनच वर्षांनी, १५१३ ला, फ्लॉडनच्या लढाईत राजा आणि हा लॉर्ड दोघं एकाच दिवशी कापले गेले. मुलगा, दुसरा लॉर्ड, नाव परत अलेक्झांडर, तो १५४७ ला पिंकीच्या लढाईत गेला. दोन्ही लढाया इंग्लंडशी, दोन्ही स्कॉटलंड हरलं. तिसरा रॉबर्ट, तो बिचारा अंथरुणात मेला असावा, लढाईत तरी नाही. चौथा परत अलेक्झांडर, हा स्कॉटलंडचा खजिनदार होता. मग पाचवा, सहावा, सातवा, सगळे अलेक्झांडर!! कॅलेंडरवर लिहिताना मी शेवटी नुसतं 'अ' लिहायला लागलो. आठवा जॉन, नववा आणि दहावा चार्ल्स, आणि अकरा ते चौदा ओळीने चार जॉन. आपल्या स्टेशनवाला त्यातला तेरावा. माउंटस्टुअर्ट हा अकराव्याचा चौथा मुलगा.

घाईत लिहिलंय, चुका असतील तर दुरुस्त करा. काबूलला फौज घालवून बसला तो जनरल एल्फिन्स्टनपण ह्याच घरातला, माउंटस्टुअर्टचा भाऊ. बाकीचं उद्या, ऑफिस आहे.

कोकणचा हापूस

वाचतोय. लवकर टाका पुढचं.

बंड्या बेरकी

मला एक कळत नाही. स्टेशनचं नाव बदलायला आपण इतकी वर्षं भांडलो आणि आता त्या गोऱ्याची खापरपणजोबापर्यंत वंशावळ काढायची? स्वतःच्या पणजोबाचं नाव माहितीये का तुम्हाला?

परळचा पोपट

@बंड्या, माहितीये. गणपत. त्यांच्या नावाची वारसनोंद करायला आम्ही चार वर्षं एका कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, चुलतभावांच्या सह्या गोळा करता करता दोघं वारले, मग त्यांच्या वारसांच्या सह्या. म्हणूनच तर दुसऱ्यांच्या वारसनोंदी बघायला मजा वाटते.

सुलभाताई

पोपटराव छान लिहिताय. एक शंका. दोघंही एकाच घरातले, माउंटस्टुअर्ट तर जास्त कर्तबगार, मग तो लॉर्ड का नाही? आपल्याकडे सरदाराचे सगळे मुलगे सरदारच म्हणवतात की.

परळचा पोपट

ताई तीच तर मेख आहे. तिथे पदवी एकालाच, थोरल्याला. बाकीच्या भावांना नावाआधी नुसतं 'ऑनरेबल' लावता येतं, बास. आपल्याकडे वतन वाटलं जातं, भाऊबंदकी होते, तिथे वाटणीच नाही. धाकट्यांनी आरमारात जा, फौजेत जा, कंपनी सरकारच्या नोकरीत जा, नाहीतर पैसेवाली बायको बघा. माउंटस्टुअर्ट सोळाव्या वर्षी कलकत्त्याला आला तो ह्याच कारणाने, घरी त्याच्यासाठी काही शिल्लक नव्हतं. आणि पुतण्या जॉन १८१३ ला बाप वारला तेव्हा पुरता सहा वर्षांचाही नव्हता, तरी त्या दिवसापासून तो लॉर्ड एल्फिन्स्टन. तेव्हा काका पुण्यात बाजीरावाच्या दरबारात रेसिडेंट होता आणि त्याला मात्र नुसतं मिस्टर.

लॉर्डच्या थोरल्या मुलाला बाप जिवंत असेपर्यंत 'मास्टर ऑफ एल्फिन्स्टन' म्हणतात, ही खास स्कॉटिश पद्धत.

निवृत्त गुरुजी

धागा आवडला. दोन दुरुस्त्या सुचवतो, राग मानू नये.

एक, काबूलचा जनरल विल्यम एल्फिन्स्टन हा माउंटस्टुअर्टचा सख्खा भाऊ नव्हे, चुलतभाऊ. दहाव्या लॉर्डचे मुलगे बघा. थोरला जॉन, तो अकरावा लॉर्ड. तिसरा विल्यम फुलर्टन, हा ईस्ट इंडिया कंपनीचा डायरेक्टर. पाचवा जॉर्ज कीथ, आरमारात गेला आणि मोठा अॅडमिरल झाला. काबूलचा जनरल हा त्या डायरेक्टरचा मुलगा. ही तिसऱ्या मुलाची पाती ध्यानात ठेवा, पुढे सगळं तिच्याकडेच जातं.

दोन, त्या काबूल प्रकरणात ह्या घराची दोन टोकं आहेत. १८०९ साली माउंटस्टुअर्ट कंपनीचा वकील म्हणून पेशावरला गेला आणि शाह शुजाला भेटला, अफगाण राजाशी इंग्रजांचा पहिला तह त्याने केला. तोच शाह शुजा पुढे गादीवरून गेला, आणि १८३९ साली इंग्रजांनी त्यालाच परत काबूलला नेऊन बसवलं. त्याला राखायला जी फौज ठेवली तिचा सेनापती झाला हा चुलतभाऊ. वॉटर्लू बघितलेला पण आता साठीला आलेला, संधिवाताने घोड्यावर बसवत नव्हतं. जानेवारी १८४२ मध्ये साडेचार हजार सैन्य आणि बाराएक हजार बाजारबुणगे घेऊन बर्फातून जलालाबादकडे निघाले आणि वाटेत सगळं संपलं. जनरल कैदेतच एप्रिलमध्ये मेला. माउंटस्टुअर्ट तेव्हा निवृत्त होऊन इंग्लंडमध्ये होता.

परळचा पोपट

गुरुजी धन्यवाद, चुलतभाऊच. कॅलेंडरवर दोन विल्यम एकाखाली एक आले आणि मी बापाला मुलगा केला. वर तसंच ठेवतो, नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी लटकेल.

थंडीतला मावळा

एडिंबराहून लिहितोय, इथे नऊ वर्षं आहे. हा धागा बघून शनिवारी बायकोपोरांना घेऊन मूळ एल्फिन्स्टन टॉवर बघायला गेलो, फॉल्कर्कच्या पुढे एअर्थजवळ. टॉवर म्हणजे आता भिंती उभ्या आहेत आणि आत झाडं. ती जागा १७५४ ला एल्फिन्स्टननी विकली, घेणारे मरे घराण्याचे, डनमोरचे अर्ल. आणि त्यांनी तिथे काय बांधलं असेल? अननस! खोटं नाही सांगत, बागेच्या भिंतीवर चांगला चारपाच मजली होईल एवढा दगडी अननस, चौदा मीटर उंच. एकेक पान वेगळं कोरलेलं आणि प्रत्येक पानातून पाणी जायला वेगळी वाट, कारण पाणी साठलं तर थंडीत गोठून दगड फुटेल. पोरगी विचारते बाबा हा एल्फिन्स्टनचा का, म्हटलं नाही बाळा, ज्यांना विकलं त्यांचा. विकणाऱ्याचं पडलं, घेणाऱ्याचं उभंय.

मग एल्फिन्स्टन राहायला कुठे गेले विचाराल, तर नंतर त्यांचं मुख्य घर म्हणजे कारबेरी टॉवर, मसलबराजवळ, आमच्या घरापासून वीस मिनिटं. ते तर त्यांना बायकोच्या माहेरून आलं. गुरुजींनी सांगितलेला तो डायरेक्टर विल्यम, त्याची बायको फुलर्टन घराण्याची वारसदार, कारबेरी तिच्या काकांचं. म्हणून त्यांच्या आडनावात फुलर्टन घुसलं. कारबेरीच्या टेकडीवरच १५६७ ला राणी मेरी शरण आली होती, सगळ्या पाट्यांवर तेच, एल्फिन्स्टनचं नाव शोधावं लागतं.

सुलभाताई

अननस!!! फोटो टाका हो.

थंडीतला मावळा

टाकतो ताई, पोरीने सगळ्या फोटोत जीभ काढलीये, त्यातला बरा निवडतोय.

परळचा पोपट

आता मुख्य भाग. तेरावा लॉर्ड, आपल्या स्टेशनवाला. तरणा असताना चौथ्या विल्यम राजाच्या दरबारात होता आणि दिसायला राजबिंडा, त्यामुळे अशी अफवा होती की राजकन्या व्हिक्टोरिया, म्हणजे पुढची राणी, त्याच्यावर भाळली आणि म्हणून त्याला उचलून १८३७ ला मद्रासचा गव्हर्नर करून पाठवलं. अफवाच आहे, पण वय तीसही पुरतं नाही आणि एकदम मद्रासची गव्हर्नरकी, लोक बोलणारच. मद्रासला १८४२ पर्यंत, मग १८५३ ला मुंबई.

आता हा लॉर्ड असला तरी लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याला हक्काची खुर्ची नव्हती. १७०७ ला स्कॉटलंड इंग्लंडला जोडलं गेलं तेव्हा ठरलं की स्कॉटलंडच्या सगळ्या लॉर्डांनी मिळून आपल्यातले सोळा निवडायचे, तेवढेच लंडनला बसणार. म्हणजे साडेतीनशे वर्षांची पदवी असली तरी तुम्ही वेटिंग लिस्टवर. म्हणून सत्तावन्नच्या कामगिरीबद्दल १८५९ ला त्याला दुसरी, ब्रिटिश पदवी दिली, बॅरन एल्फिन्स्टन. हिच्यावर खुर्ची कन्फर्म.

आणि पुढच्याच वर्षी मुंबईहून परत गेला आणि १९ जुलै १८६० ला लंडनमध्ये वारला. लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही. आता बघा काय होतं. नवीन ब्रिटिश पदवी फक्त त्याच्या स्वतःच्या मुलांना, मुलं नाहीत तर खलास, जेमतेम वर्षाची पदवी मेली. पण जुनी १५१० ची स्कॉटिश पदवी घराण्याच्या पुरुषवंशाने चालायची, ती मागे फिरून दुसरीकडे गेली. एकाच माणसाच्या दोन पदव्या, एक त्याच्याबरोबर सरणावर, दुसरी भाऊबंदांकडे.

(आणि प्रभादेवी नाव लागलं ती तारीखपण १९ जुलैच, २०१८ ची. रेल्वेला कुणाला माहीत असण्याची शक्यता शून्य.)

निवृत्त गुरुजी

इथे एक गोष्ट मनात आल्याशिवाय राहात नाही. १८४८ साली साताऱ्याला आप्पासाहेब महाराज वारले, त्यांनी दत्तक घेतला होता, शास्त्रोक्त. तो कंपनी सरकारने नामंजूर केला आणि राज्य खालसा केलं. मुंबईला तेव्हा आधीच्या गव्हर्नरचं, क्लार्कचं, मत खालसा करू नये असं होतं, पण तो गेला आणि मेमध्ये आला लॉर्ड फॉकलंड, त्याने खालसा करण्याच्या बाजूने कौल दिला. हा फॉकलंड पण स्कॉटिश पदवीचाच, दहावा व्हायकाउंट फॉकलंड. ज्यांच्या स्वतःच्या पदव्या पुतण्याकडे, चुलतभावाकडे, पणजोबापर्यंत मागे जाऊन वारस शोधत फिरतात ते साताऱ्याला सांगतात की पोटचा नाही, सबब राज्य बुडालं.

खरं बोलायचं तर त्यांच्यात दत्तकाला पदवी मिळत नाही, आजही नाही. रक्ताचा कितीही लांबचा चालेल, मांडीवर बसवलेला चालणार नाही. आपलं नेमकं उलट.

बंड्या बेरकी

हां आता कसं मुद्द्यावर आलात गुरुजी. हे आधी सांगितलं असतं तर मी शांत बसलो असतो. फॉकलंड रोडवाला फॉकलंड का हा?

निवृत्त गुरुजी

नाव त्याचंच. आता तो पठ्ठे बापूराव मार्ग आहे, आणि ते मला मनापासून आवडतं.

परळचा पोपट

तर मागे फिरून गादी कुणाकडे गेली. अकराव्या लॉर्डला मुलगे चार. एक, बारावा लॉर्ड, त्याचा एकुलता तेरावा, तो निपुत्रिक. दोन, चार्ल्स, आरमारातला अॅडमिरल. ह्याच्या आजीकडून, म्हणजे दहाव्या लॉर्डच्या बायकोकडून, विगटनच्या अर्लांची कंबरनॉल्ड आणि बिगरची इस्टेट आली होती, तिच्यासाठी त्याने फ्लेमिंग आडनाव लावलं. हा १८४० ला वारला, पण मुलगा होता, परत जॉन. तो झाला चौदावा लॉर्ड, १८६० च्या जुलैत. आणि १८६१ च्या जानेवारीत वारला! सहा महिने. त्यालाही मूल नाही.

ह्या चौदाव्याच्या बहिणी मात्र भारी निघाल्या. क्लेमेंटिना, तिला फोटोग्राफीच्या इतिहासात लेडी हॉवर्डन म्हणून ओळखतात. कॅमेरा येऊन जेमतेम वीस वर्षं झालेली, ही बाई लंडनच्या घरात रिकाम्या खोलीत आपल्या मुलींना खिडकीच्या उजेडात उभं करून फोटो काढायची, आठशेच्या आसपास आहेत, कुणी आरशासमोर, कुणी गॅलरीच्या कठड्याला टेकून. मी रात्री ते बघत बसलो आणि वंशावळ तासभर राहिली. दुसरी बहीण अॅन, तिचा मुलगा कनिंगहॅम ग्रॅहम, जो स्कॉटिश नॅशनल पार्टीचा पहिला अध्यक्ष. पण बहिणी, त्यामुळे गादीसाठी शून्य.

ठाण्याची लोकल

एक मिनिट थांबा. पोपटदादा, अकराव्याचा चौथा मुलगा माउंटस्टुअर्ट ना? मग चौदावा मेला तेव्हा गादी त्याच्याकडे यायला नको का? कॉलेजवाल्याकडे?

परळचा पोपट

अहो तो १८५९ लाच वारला ना, २० नोव्हेंबरला. त्यानेही लग्न केलेलं नव्हतं.

ठाण्याची लोकल

हो पण तेच म्हणतेय मी. नोव्हेंबर ५९ ते जानेवारी ६१. चौदा महिने! तेवढा जगला असता तर लॉर्ड एल्फिन्स्टन झाला असता की नाही?

निवृत्त गुरुजी

लोकलबाईंचा हिशेब बिनचूक आहे. तपासून पाहू. चौदाव्यानंतर गादी गेली ती दहाव्या लॉर्डच्या तिसऱ्या मुलाच्या पातीकडे. म्हणजे अकराव्याच्या चारही मुलांपासून एकही पुरुष वारस तेव्हा जिवंत नव्हता, नाहीतर ती एक पिढी आणखी मागे गेलीच नसती. माउंटस्टुअर्ट जिवंत असता तर त्याच्यापुढे कुणी नव्हतं. एक्क्याऐंशीव्या वर्षी तो पंधरावा लॉर्ड एल्फिन्स्टन झाला असता. मी चाळीस वर्षं इतिहास शिकवला, हे माझ्या कधी लक्षात आलं नाही.

परळचा पोपट

आईशप्पथ. कॅलेंडर समोर आहे आणि मला दिसलं नाही. गव्हर्नर जनरलकी दोनदा देऊ केली होती ती ह्या माणसाने नाकारली, तब्येतीचं कारण देऊन, आणि लॉर्डकी जवळ येऊन चुकली.

कोकणचा हापूस

चुकली हे बरंच झालं असेल, सरेतल्या त्या घरी पुस्तकं वाचत बसलेल्या म्हाताऱ्याला ऐंशीनंतर काय करायचंय लॉर्ड होऊन. मला त्या पुतण्याचं वाईट वाटतं. सहाव्या वर्षी लॉर्ड, आयुष्यभर लॉर्ड, आणि आपण इथे त्याला कॉलेजवाला समजतो.

परळचा पोपट

पुढे. पंधरावा लॉर्ड झाला विल्यम, डायरेक्टर विल्यमचा नातू, काबूलच्या जनरलचा पुतण्या. तेराव्याचा आणि ह्याचा पणजोबा एक, म्हणजे दहावा लॉर्ड. आपल्याकडे ह्याला चुलतचुलत म्हणतात आणि लग्नात दुसऱ्या पंगतीला बसवतात. ह्या पंधराव्याला १८८५ ला नव्याने ब्रिटिश बॅरन एल्फिन्स्टन केलं, तीच पदवी दुसऱ्यांदा जन्माला घातली. म्हणून आता त्या घरात दोन मोजण्या चालतात, स्कॉटिश पंधरावा तो ब्रिटिश पहिला, सोळावा तो दुसरा, असं. मी आधी वाचलं 'एकोणिसावा लॉर्ड आणि पाचवा बॅरन', मला वाटलं दोन माणसं आहेत.

सुलभाताई

मुलींना काहीच नाही का हो कधी? त्या फोटोवाल्या क्लेमेंटिनाचं डोक्यातून जात नाहीये.

निवृत्त गुरुजी

ताई, ह्याच घरात एकदा मिळालं, ते मजेदार आहे. दहाव्या लॉर्डचा पाचवा मुलगा जॉर्ज कीथ, अॅडमिरल. केप ऑफ गुड होप १७९५ ला त्यानेच डचांकडून घेतलं. १८१५ ला नेपोलियन शरण आला तेव्हा "तुम्हाला सेंट हेलेनाला धाडणार आहोत" हे त्याला जाऊन सांगायचं काम ह्याच्याकडे आलं. स्वतःच्या कर्तृत्वावर बॅरन कीथ आणि पुढे व्हायकाउंट झाला. मुलगा नव्हता, तेव्हा एकच मुलगी होती, मार्गारेट. म्हणून बॅरनकीच्या सनदेत खास कलम घालून घेतलं की मुलगा नसेल तर ती मुलीला जावी. व्हायकाउंटच्या सनदेत ते कलम नव्हतं. १८२३ ला तो वारला तेव्हा मोठी पदवी संपली आणि धाकटी मुलीला मिळाली.

मार्गारेटने लग्न कुणाशी केलं? काउंट फ्लाओशी, जो नेपोलियनचा एडीसी, म्हणजे खास लष्करी मदतनीस होता. बापाने नेपोलियनला बेटावर धाडायचा निरोप दिला आणि दोन वर्षांत लेकीने त्याच्याच माणसाशी लग्न लावलं. म्हातारा किती भडकला असेल कल्पना करा. त्यांची मुलगी एमिली, ती लॅन्सडाउनच्या मार्क्विसला दिली, तिचा मुलगा १८८८ ते १८९४ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. कीथ ही पदवी मार्गारेटबरोबर १८६७ ला संपली, कारण तिला सगळ्या मुलीच.

ठाण्याची लोकल

म्हणजे ह्या एका घरातून एक व्हाइसरॉय, दोन गव्हर्नर, एक काबूल बुडवणारा. आणि एक आपलं स्टेशन.

थंडीतला मावळा

आणि मुंडकं उडवलेला एक राहिला. तिसऱ्या लॉर्डच्या धाकट्या मुलापासून निघालेली शाखा, लॉर्ड बालमेरिनो. त्यातला पहिला राजाचा सेक्रेटरी, त्याने राजाच्या सहीच्या कागदांत पोपला लिहिलेलं एक पत्र सरकवून सही घेतली म्हणून राजद्रोहाला मृत्युदंड ठोठावला, प्रत्यक्षात दिला नाही. त्याच्या मुलालाही मृत्युदंड झाला, माफ झाला. आणि सहावा, आर्थर, १७४५ च्या बंडात गादी गेलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने, त्याला मात्र ऑगस्ट १७४६ ला लंडनच्या टॉवर हिलवर कुऱ्हाडीने मारलं आणि पदवी जप्त. दोनदा उधार राहिलेलं तिसऱ्यांदा वसूल. थोरली पाती ह्या सगळ्यापासून अंग चोरून राहिली म्हणून टिकली, असं माझं मत.

निवृत्त गुरुजी

थोरल्या पातीचंही एकदा हातातून गेलंय. किल्ड्रमीचा किल्ला पहिल्या लॉर्डला राजाकडून मिळाला होता, तो मार घराण्याचा. शंभर वर्षांनी मारच्या अर्लने दावा लावून १६२६ ला परत घेतला. वतनाचे दावे सगळीकडे सारखेच.

कोकणचा हापूस

आताचे कोण आहेत?

परळचा पोपट

थोडक्यात उरकतो. सोळावा सिडनी, ह्याने १९१० ला लेडी मेरी बोज-लायनशी लग्न केलं. तिची धाकटी बहीण पुढे राजा सहाव्या जॉर्जची राणी. म्हणजे परवा परवा वारली त्या एलिझाबेथ राणीची ही मावशी, आणि एल्फिन्स्टनची मुलं तिची मावसभावंडं. सतरावा जॉन, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पकडला आणि सहाव्या जॉर्जच्या राणीचा भाचा म्हणून कोल्डिट्झच्या किल्ल्यात खास कैद्यांबरोबर ठेवला, सौदा करायला उपयोगी पडेल म्हणून. हापण अविवाहित! १९६१ ला कारबेरी चर्चला देऊन टाकलं. १९७५ ला वारला, आणि त्याचा धाकटा भाऊ, जो पाद्री होता, तोही त्याच वर्षी आधी गेला होता, म्हणून गादी पुतण्याला, अठरावा जेम्स. हा १९९४ ला एक्केचाळिसाव्या वर्षी गेला, आणि मुलगा चौदाव्या वर्षी एकोणिसावा लॉर्ड. त्याचं नाव अलेक्झांडर माउंटस्टुअर्ट. पहिल्या लॉर्डचं नाव आणि कधीच लॉर्ड न झालेल्याचं नाव. हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या बहुतेक वंशपरंपरागत खुर्च्या १९९९ ला काढल्या, तेव्हा हा एकोणीस वर्षांचा होता, बसायच्या वयाच्या आधीच खुर्ची गेली.

बंड्या बेरकी

पैजेचं काय झालं ते सांगा. मिसळ कुणी दिली?

परळचा पोपट

काल बाबांना कॅलेंडर दाखवलं. चष्मा लावून पहिल्या अलेक्झांडरपासून बोट ठेवत खाली आले, मध्ये दोनदा चुकले, परत वर गेले. स्टेशन पुतण्याचं हे मान्य केलं. मग मी मोठ्या तोऱ्यात चौदा महिन्यांचं सांगितलं. जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे जगला असता तर कॉलेजवाला पण लॉर्ड एल्फिन्स्टनच झाला असता ना? मग मी निम्मा बरोबर. मिसळ निम्मी तुझी, निम्मी माझी."

निवृत्त गुरुजी

वडिलांचा युक्तिवाद कोर्टात टिकणार नाही, पण मिसळ द्या त्यांना.

सुलभाताई

मावळे, अननसाचा फोटो?